संघ कोणाचा? मालकाचा, मजुराचा की दोघांचा?



मागच्या महिन्यात तलासरीकडच्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले. चहा येईपर्यंत एक मावशी माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, माझ्या मुलीला पुण्यात नोकरी लागलीय. मोबाइलवरचे, कॉम्प्युटरवरचे खेळ तपासायची. रात्री साडेअकराला फोन केला तरी अजून ऑफिसातच असते. रविवारी पण बोलावतात. पगार तेवढाच. परवा फोनवर रडली. मी म्हटलं, अगं, खेळ खेळायचे पैसे मिळतात आणि वर रडतेस? त्या दिवसापासून तिचा फोन कमी झालाय."

मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ती सांगत होती, या धंद्यातल्या लोकांचा जगभराचा एक संघ आहे म्हणून. पण तो आपला आहे की मालकांचा, तेच तिला कळत नाही. संघ म्हणजे आपला ग्रामसंघ असतो तसाच ना?"

तेव्हा मला पुरतं उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाचलं, जाणत्या लोकांना विचारलं. आज तेच तुमच्यासमोर ठेवते. आपल्या मुली आता फक्त वापीच्या, उंबरगावच्या नाहीतर बोईसरच्या कंपन्यांत जात नाहीत. काही पुण्या-मुंबईला कॉम्प्युटरपुढे बसतात. त्यांचं काम कळलं नाही तर त्यांचं दुखणंही आपल्याला कळणार नाही.

खेळ बनवणं म्हणजे काय काम?

तुमच्या घरातली पोरं मोबाइलवर जो खेळ खेळतात, तो एका माणसाचं काम नसतो. कोणी गोष्ट लिहितं. कोणी चित्रं काढतं, कोणी आवाज आणि गाणी करतं. कोणी प्रोग्रॅम लिहितं, म्हणजे बटण दाबल्यावर काय व्हायचं याच्या सूचना कॉम्प्युटरला देतं. मोठ्या खेळावर शेकडो माणसं तीन-तीन, चार-चार वर्षं काम करतात. आपल्या महाराष्ट्रातही हे काम होतं. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईतला २०१८ पासून.

या सगळ्यांत शेवटी येतात तपासणारे. मावशींच्या मुलीचं काम तेच. खेळातल्या एकाच भिंतीवर शंभर वेळा धडक मारायची, कुठे माणूस भिंतीतून आरपार जातो का बघायचं. सापडलं की लिहून द्यायचं, दुरुस्त होऊन आलं की पुन्हा शंभर वेळा धडक. यात खेळण्याची मजा काही नाही. आपल्याकडे चिकूच्या वाडीत प्रतवारीला बसलेली बाई दिवसभर चिकू हातात घेते, पण खात नाही. तसंच हे.

आता रात्र का होते ते ऐका. खेळ बाजारात कधी आणायचा ती तारीख कंपनी कितीतरी महिने आधी जाहीर करते. बरेचसे मोठे खेळ नाताळच्या खरेदीच्या आधी आणायची घाई असते, कारण तेव्हा विक्री होते. आपल्याकडे दिवाळीच्या आधी दुकानं भरतात तसंच. तारीख ठरते, जाहिरात होते, पण कामाचा अंदाज चुकतो. मधेच कोणाला नवी कल्पना सुचते. काम वाढतं, तारीख मात्र हलत नाही. मग शेवटच्या महिन्यांत सगळे रात्रंदिवस बसतात. या रेटारेटीला त्या धंद्यात 'क्रंच' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, यात नवल काय? भाताच्या लावणीला आपणही उजाडायच्या आत शेतावर जातो, अंधार पडल्यावर परततो. खरं आहे. पण लावणी काही दिवसांत उरकते, मग पाठ टेकायला मिळते. या धंद्यातली तक्रार अशी आहे की लावणी संपतच नाही. एक खेळ संपला की दुसऱ्याची तारीख उभी राहते. आणि जास्तीच्या तासांचे पैसे पुष्कळांना मिळत नाहीत.

एका बाईचं पत्र

ही गोष्ट जगासमोर आली ती एका बाईमुळे. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका बाईनं इंटरनेटवर एक पत्र लिहिलं. तिचा होणारा नवरा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या खेळकंपनीत काम करत होता. तिनं नाव दिलं नाही, फक्त 'कंपनीतल्या माणसाची बायको' अशी सही केली. आधी दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ६ दिवस, मग दिवसाला १२ तास, मग सकाळी ९ ते रात्री १० आणि आठवड्याचे सातही दिवस, असं काम कसं वाढत गेलं ते तिनं पायरी-पायरीनं सांगितलं. जास्तीचा पैसा नाही, बदली सुट्टी नाही. घरी येणारा माणूस आजारी आणि चिडलेला.

पत्र जगभर वाचलं गेलं. कामगार कोर्टात गेले. कंपनीला चित्रकारांच्या दाव्यात १ कोटी ५६ लाख डॉलर आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या दाव्यात १ कोटी ४९ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. पुढे २००६ मध्ये त्या बाईनं आपलं नाव सांगितलं: एरिन हॉफमन. ती स्वतःही खेळ बनवणारीच होती.

२०१० च्या जानेवारीत असंच घडलं. रॉकस्टार कंपनीच्या सॅन डिएगो शहरातल्या कामगारांच्या बायकांनी मिळून पत्र लिहिलं. ऑफिसात काय चाललंय ते आधी घरातल्या बाईला दिसलं, कारण आजारपण, रिकामं ताट आणि रडणारं पोर तिच्यासमोर होतं. आपल्या मावशींच्या घरीही आधी फोनच वाजला.

मग त्यांचा संघ काय करत होता?

या धंद्यातल्या लोकांचा एक जगभराचा संघ आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला आयजीडीए म्हणतात. १९९४ मध्ये अर्नेस्ट अॅडम्स या खेळकर्त्यानं तो सुरू केला. खेळ बनवण्याच्या कामातलं कोणीही वर्गणी भरून सभासद होऊ शकतं. तपासणारी मुलगी होऊ शकते, चित्रकार होऊ शकतो, विद्यार्थी होऊ शकतो आणि कंपनीचा मालकही होऊ शकतो.

आधी या संघाचं चांगलं काम सांगते, कारण ते विसरून चालणार नाही. एरिनच्या पत्राच्या काही महिने आधीच, २००४ मध्ये, संघानं कामगारांची पाहणी करून अहवाल काढला होता. दर १०० पैकी ३४ जण म्हणाले होते की पाच वर्षांच्या आत आम्ही हा धंदा सोडू. दहा वर्षांच्या आत सोडू म्हणणारे अर्ध्याहून जास्त. रेटारेटीच्या दिवसांत आठवड्याला ६५ ते ८० तास काम करणारे १०० पैकी ३५ होते. जास्तीच्या कामाचे पैसे मिळत नाहीत, असं सांगणारे जवळजवळ निम्मे. आज सगळे ज्याबद्दल बोलतात, ते संघानं तेव्हाच आकड्यांत मांडलं होतं. रॉकस्टारच्या बायकांच्या पत्रानंतरही संघानं अशा सततच्या जादा कामाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं.

मग भांडण कुठे झालं?

२००८ च्या शेवटी या संघाच्याच एका बैठकीत चर्चा चालली होती. व्यासपीठावर एपिक गेम्स कंपनीचे तेव्हाचे प्रमुख माइक कॅप्स होते. ते संघाच्या संचालक मंडळावरही होते. त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा की आमच्या कंपनीत आठवड्याला ६० तासांहून जास्त काम अपेक्षितच असतं आणि तशी तयारी असणारी माणसंच आम्ही घेतो.

सभासद संतापले. २००९ च्या एप्रिलमध्ये ग्रेग कॉस्टिकियन या जुन्या खेळकर्त्यानं उघडं पत्र लिहून संघाला जाब विचारला. ज्या संघानं जादा तासांविरुद्ध अहवाल काढला, त्याच्याच मंडळावरचा माणूस जादा तासांचं समर्थन करतो, तर संघ नेमका कोणाचा? मंडळाकडून उत्तर आलं त्याचा सूर असा होता की संचालक वेगवेगळ्या मतांचे असतात आणि एकाचं मत म्हणजे संघाचं मत नव्हे. पुष्कळांचं या उत्तरानं समाधान झालं नाही.

दुसरं मोठं भांडण २०१८ मध्ये झालं. दरवर्षी सॅन फ्रान्सिस्कोला खेळ बनवणाऱ्यांचं संमेलन भरतं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये तिथे या संघानं एक चर्चा ठेवली. विषय होता, युनियन करावी का आणि तिचे फायदे-तोटे काय. चर्चा चालवायला संघाच्या तेव्हाच्या कार्यकारी संचालक जेन मॅकलीन होत्या. कामगारांना वाटलं, ही चर्चा आपल्याला युनियनपासून परावृत्त करायला ठेवलीय. ते मोठ्या संख्येनं आले, पत्रकं वाटली. त्यांतूनच 'गेम वर्कर्स युनाइट' ही कामगारांची चळवळ उभी राहिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये तिची रीतसर युनियनही झाली.

संघाची बाजूही ऐकायला हवी. संघाच्या बाजूनं बोलणारे म्हणत, आम्ही युनियन नाही आणि कधी म्हणवलंही नाही. आम्ही माणसं जोडतो, ज्ञान वाटतो, नव्यांना वाट दाखवतो. मालक आणि कामगार एका जागी बसले तर मालकाला चार शब्द ऐकवता तरी येतात. हे म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण कामगारांचा प्रश्न साधा होता: पगाराचं, तासांचं भांडण होईल त्या दिवशी समोर मालक बसलेला असेल, तेव्हा आमच्या बाजूला कोण बसेल?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही

बायांनो, आता आपल्या मातीत या. तलासरीजवळच्या झरी गावाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. २३ मे १९४५ ला तिथे सुमारे पाच हजार वारली जमले होते. तेव्हा सावकार-जमीनदारांच्या शेतावर फुकट राबावं लागे, त्याला वेठ म्हणत. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही गडी होऊन राहत, त्याला लग्नगडी म्हणत. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं झरीला ठरलं की वेठ करायची नाही आणि मजुरी रोजची बारा आणे घ्यायची. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. १९७२ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला.

त्या काळी जंगलतोडीचं काम करवणाऱ्या लाकूडव्यापाऱ्यांचाही संघ होता. १९४६ मध्ये जंगलकामाच्या मजुरीवरून संप झाला तेव्हा एका बाजूला व्यापाऱ्यांचा संघ होता, दुसऱ्या बाजूला मजुरांची किसान सभा. आपला कोण, परका कोण, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. म्हणूनच शेवटी दोन बाजू समोरासमोर बसून सव्वा रुपया रोजावर बोलू शकल्या.

खेळवाल्यांच्या संघात मात्र दोन्ही बाजू एकाच सतरंजीवर बसल्या होत्या. भांडणाचं मूळ तिथे आहे, एकट्या कॅप्समध्ये किंवा एकट्या मॅकलीनबाईंमध्ये नाही.

वेठ आणि पुण्यातल्या एसी ऑफिसातली नोकरी एकच, असं मी म्हणणार नाही. आपल्या आज्यांनी जे सोसलं त्याच्याशी याची बरोबरी नाही. पण फुकटच्या तासांना काय म्हणायचं, हा प्रश्न झरीलाही होता आणि त्या मुलीसमोरही आहे.

पुढे काय झालं?

हळूहळू कामगारांनी आपल्या युनियन वेगळ्या केल्या. आणि सुरुवातीच्या या युनियनांमध्ये पुढे कोण होते? तेच, शेवटच्या पायरीवरचे तपासणारे. अमेरिकेतल्या रेव्हन सॉफ्टवेअर कंपनीत २०२१ च्या डिसेंबरमध्ये काही तपासणाऱ्यांचं काम काढून घेतलं. बाकीच्यांनी काम थांबवलं. मे २०२२ मध्ये मतदान झालं, १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन झाली. झेनीमॅक्स कंपनीतल्या सुमारे ३०० तपासणाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये युनियन केली आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टशी, म्हणजे मूळ मालक कंपनीशी, लेखी करार केला. अहवाल आणि निवेदनं त्याआधी वीस वर्षं निघत होती. कंपनीला बांधून घेणारा कागद मात्र युनियन झाल्यावरच हाती आला.

आयजीडीए अजून आहे. बऱ्याच लोकांना त्याचा उपयोगही होतो. वाट दाखवायला तो, भांडायला युनियन, असे दोन वेगळे हात असावेत असं आता पुष्कळ जण मानतात.

मुलीला काय सांगायचं?

पहिलं, तिचं ऐकून घ्या. 'बसून तर काम आहे' असं म्हणू नका. २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या हिशेबतपासणी कंपनीत काम करणारी २६ वर्षांची मुलगी नोकरीला लागल्यापासून चार महिन्यांत वारली. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून कामाच्या ओझ्याबद्दल जाब विचारला. कंपनीनं ते कारण मान्य केलं नाही. पण त्या पत्रानंतर सरकारी तपासणी झाली, आणि त्या कार्यालयाची दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती असं बाहेर आलं.

दुसरं, तो कायदा तिला सांगा. ऑफिसांना, दुकानांना लागू होणारा महाराष्ट्राचा कायदा २०१७ चा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, आठवड्याला एक सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट मजुरी असं त्यात ठरलं. रात्रीच्या कामाला बाईची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची सोय लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली, म्हणून आजचा नियम काय आहे ते कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्यायला सांगा. व्यवस्थापक पदावरच्या माणसाला यातून वगळलेलं असतं. तेव्हा नेमणूकपत्रावर पदाचं नाव काय लिहिलंय, तेही बघायला सांगा.

तिसरं, तिला एक वही ठेवू दे. रोज किती वाजता आले, किती वाजता गेले, कोणी थांबायला सांगितलं. नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवू दे. आपला गट वहीवर चालतो. वहीत नाही ते झालंच नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

चौथं, तिला एकटीनं भांडू देऊ नका. युनियनची नोंदणी करायला कमीत कमी ७ जण लागतात. पुण्यात आयटी कामगारांची 'नाइट्स' नावाची संघटना आहे, ती अशा तक्रारी सरकारकडे नेते.

आणि कोणत्याही संघात नाव घालायच्या आधी पाच प्रश्न विचारायचे. सभासद कोण होऊ शकतं? मंडळावर कोण बसलंय? पैसा वर्गणीतून येतो की कंपन्यांकडून? मंडळाचा निर्णय पटला नाही तर साध्या सभासदाला तो बदलता येतो का? आणि भांडण होईल त्या दिवशी संघ निवेदन काढून थांबेल, की आपल्या शेजारी येऊन बसेल?

हे पाच प्रश्न आपल्या ग्रामसंघालाही विचारून बघा. पदाधिकारी कोण, त्यांच्यापैकी कोणी आपल्याला माल विकतं का, कोणी आपल्याला मजुरीवर लावतं का. विचारलं म्हणजे संशय घेतला असं होत नाही. ज्या संघाची बैठक सगळ्यांसमोर आणि वही उघडी, त्याला हे प्रश्न जड जात नाहीत.

परवा त्या मावशी पुन्हा भेटल्या, डहाणू स्टेशनवर. म्हणाल्या, "मी फोन केला तिला. विचारलं, आज किती तास झाले? ती म्हणाली, अकरा. मग म्हटलं, वहीत लिही." थोडं थांबून म्हणाल्या, "आता ती रोज रात्री आकडा सांगते. मी पण इकडे लिहून ठेवते."

तुमच्या गटात कोणाची मुलगी, सून, नात बाहेर कामाला असेल, तर येत्या बैठकीत तिच्या कामाबद्दल बोला. तास विचारा, वही विचारा, आणि तिच्या शेजारी कोण बसतं तेही विचारा.